तुकडा फिरवून पाहा

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांनी यार्डातील शंटिंग पाहिले नाही असे होणे शक्य नाही. कोणता डबा आधी ओढावा, कोणता काही काळ बाजूच्या रुळावर ठेवून द्यावा आणि अखेर सारी मालगाडी हव्या त्या क्रमाने कशी लागावी, हे कोडे लोखंडाचे असले तरी त्याची जात मुलांच्या लाकडी कोड्याचीच. आणि आम्ही पोरे रिकाम्या आगपेट्यांची गाडी करून तेच कोडे ओट्यावर सोडवीत असू, तेव्हा आपण गणिताचा अभ्यास करीत आहोत असा संशय आम्हांला नव्हताच, पण दप्तरात पाढ्यांची वही आहे की नाही याची रोज झडती घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही नव्हता.

हे आठवण्याचे निमित्त माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीने दिले. तिला कोणी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा लाकडी नकाशा भेट दिला होता. इतक्या लहान मुलीला छत्तीस जिल्हे ही खरे तर शिक्षाच. तथापि तिने जळगावचा तुकडा उभा धरला, आडवा धरला, मुठीने ठोकून पाहिला, आणि तो काही केल्या बसेना तेव्हा सरळ अरबी समुद्रात ठेवून दिला. “अगं, जरा फिरवून बघ ना, ही लांब कड वर सातपुड्याकडे येऊ दे,” असे तिची आजी म्हणाली, आणि दोन-तीन प्रयत्नांत जिल्हा जागेवर बसला.

या खेळाचा जन्मही नकाशातूनच झाला. लंडनचा नकाशे कोरणारा जॉन स्पिल्सबरी याने १७६० नंतरच्या काही वर्षांत फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला. त्याचा हेतू भूगोल शिकविण्याचा होता. गणित त्यात न मागता आले.

ते कसे आले याचा तपशीलवार शोध शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सुसान लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. ५३ मुलांच्या घरी, ती २६ महिन्यांची असल्यापासून ४६ महिन्यांची होईपर्यंत, दर चार महिन्यांनी जाऊन आईबाप आणि मूल एरवी जे करतात तेच चित्रित करण्यात आले. कोणाला कोडी वाटली नाहीत की कोणाची परीक्षा घेतली नाही. पुढे मुले साडेचार वर्षांची झाल्यावर, आकृतीचे तुकडे मनातल्या मनात सरकवून वा फिरवून कोणती आकृती होईल हे त्यांना विचारले, तेव्हा ज्यांच्या घरी तुकडे जुळविण्याचा खेळ दिसला होता ती मुले सरस ठरली, आणि जी अधिक वेळा खेळली होती ती अधिक सरस. आईबापांचे शिक्षण, उत्पन्न आणि एकंदर बोलणे यांचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला. अर्थात मुळातच ज्याची दृष्टी आकारांत रमते ते मूल कोड्याकडे आपण होऊन वळत असेल, ही शंका अशा निरीक्षणाने पुरती फिटत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

आकार फिरविण्याचा बेरजेशी संबंध काय, असे कोणी विचारील. भुसावळच्या मुलाला त्याचे उत्तर रुळांवर सापडेल. भुसावळनंतर भादली, मग जळगाव, पुढे पाचोरा, चाळीसगाव, मनमाड. ही ओळ ज्याच्या मनात उभी आहे, त्याला पाचोरा चाळीसगावच्या अलीकडे हे पाठ करावे लागत नाही, ते त्याला दिसते. संख्यांचीही अशीच एक रेषा मनात आखली जावी लागते. आकारांची समज चांगली असलेल्या मुलांची ही संख्यारेषा अधिक नेमकी असते, आणि तिच्या आधारे पुढे त्यांना उत्तराचा अदमासही चांगला बांधता येतो, असे याच लेविनबाईंचा सहभाग असलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले.

पहिल्या अभ्यासातील एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. खेळत मुलगेही होते आणि मुलीही. परंतु मुलग्यांपुढे अधिक कठीण कोडी आली, त्यांच्याशी खेळताना आईबाप अधिक रमले, आणि कड, कोपरा, उलट, तिरका अशा अर्थाचे शब्दही त्यांच्याच कानांवर अधिक पडले. हे शिकागोचे खरे, पण आपल्या मुलखात मुलीच्या हाती बाहुली आणि मुलाच्या हाती ठोकळे देण्याचा रिवाज पाहता आपण शहाजोगपणाने मान हलवावी असे काही नाही.

वास्तविक, कोड्यातून गणित ही कल्पना खानदेशाला परकी नसावी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, म्हणजे पाटणादेवीच्या डोंगरकुशीत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि शके ११२८ च्या शिलालेखात त्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाचा वाद विद्वानांवर सोपवू. त्यांची ‘लीलावती’ भुंगे, मोर आणि मोडलेले वेळू यांच्या कोड्यांनी भरलेली आहे, हे निर्विवाद आहे. शंख, चक्र, गदा आणि पद्म विष्णूच्या चार हातांत अदलून-बदलून दिल्यास किती मूर्ती होतील, असा प्रश्न ते ‘अंकपाश’ या प्रकरणात विचारतात. उत्तर २४. शंभूच्या दहा हातांतील दहा वस्तूंचे तेच केले, तर ३६,२८,८०० मूर्ती होतात! कोणता तुकडा कोठे, हा नातीचाच प्रश्न, केवळ प्रौढ वेषात.

साधनांचा खर्च ही सबबही फार टिकणारी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडला गेले, आणि तेथे त्यांनी व अनुताई वाघांनी माँटेसोरीबाईंची महागडी उपकरणे बाजूला ठेवून बिया, शिंपले आणि दगड यांवर बालवाडी चालविली. ज्या गावात चिंचोके आणि सागरगोटे मिळतात तेथे साधनांचा तुटवडा कसला? तुटवडा असतो तो मुलाशेजारी चटईवर बसणाऱ्या मोठ्या माणसाचा.

तेव्हा यंदा दिवाळी उलटली की मिठाईचा रिकामा खोका रद्दीत टाकू नका. सरत्या वर्षाच्या कॅलेंडरावरचे एखादे चित्र त्याच्या पुठ्ठ्याला खळीने चिकटवा, रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा, आणि सकाळी कापा. तुकडे आधी चारच करा. आठ पुढच्या महिन्यात.