परदेशात राहून अमेरिकेचा व्यावसायिक हेलिकॉप्टर परवाना

हेलिकॉप्टर वैमानिकाचा परवाना एका देशाचा आणि वास्तव्य दुसऱ्या देशात, अशी स्थिती आज अनेकांच्या बाबतीत आढळते. अमेरिकेचा खाजगी परवाना घेऊन आखाती देशांत वा युरोपात राहणाऱ्या वैमानिकास त्या परवान्यावर मोबदला घेऊन उड्डाण करता येत नाही. उपजीविकेसाठी त्याला वरच्या श्रेणीचा, म्हणजे व्यावसायिक परवाना मिळवावा लागतो. त्यासाठी सारे प्रशिक्षण अमेरिकेतच घ्यावे लागते काय? हेलिकॉप्टरच्या उड्डाणाचा एकेक तास महाग असल्यामुळे या प्रश्नाच्या उत्तरावर कुटुंबाची मोठी रक्कम अवलंबून असते.

तासांचा हिशेब

अमेरिकेत हे परवाने फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन ही संघीय यंत्रणा देते. व्यावसायिक परवान्यासाठी उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि वैमानिक म्हणून किमान १५० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी ५० तास हेलिकॉप्टरमधील हवेत. प्रमुख वैमानिक या नात्याने १०० तास लागतात; त्यांतील ३५ हेलिकॉप्टरचे असावेत. याखेरीज २० तासांचे विशेष प्रशिक्षण असते. त्यात केवळ उपकरणांच्या आधारे यान चालविण्याचे ५ तास, तसेच ५० सागरी मैलांहून दूरचे, दोन तासांचे एक दिवसाचे व एक रात्रीचे उड्डाण येते.

परदेशातील प्रशिक्षणाचे स्थान

परदेशात केलेले उड्डाण वाया जात नाही. १९४४ च्या शिकागो कराराचा सदस्य असलेल्या देशाने अधिकार दिलेल्या प्रशिक्षकाने अमेरिकेबाहेर दिलेले प्रशिक्षण अमेरिकी नियमांनुसार हिशेबात धरले जाते. मात्र असा प्रशिक्षक केवळ प्रशिक्षण दिल्याची नोंद करू शकतो. उमेदवार परीक्षेस पात्र असल्याची शिफारस करण्याचा अधिकार त्याला नाही. ती शिफारस अमेरिकी मान्यता असलेल्या प्रशिक्षकानेच करावी लागते. परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत किमान ३ तासांची तयारीही आवश्यक असते. म्हणूनच उड्डाणनोंदवहीतील प्रत्येक नोंद तारीख, यानाचा प्रकार, कालावधी आणि प्रशिक्षकाची स्वाक्षरी यांसह नेटकी ठेवणे अगत्याचे ठरते.

परीक्षा आणि कागदपत्रे

लेखी परीक्षेत किमान ७० गुण मिळवावे लागतात आणि तो निकाल २४ महिने ग्राह्य असतो. व्यावसायिक उड्डाणासाठी दुसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते देणारे मान्यताप्राप्त डॉक्टर अमेरिकेबाहेरही आहेत. प्रात्यक्षिक परीक्षेत तोंडी प्रश्न आणि प्रत्यक्ष उड्डाण असे दोन भाग असतात. रॉबिन्सन कंपनीची आर-२२ व आर-४४ ही हेलिकॉप्टरे वापरावयाची असल्यास १९९५ पासून लागू असलेले विशेष प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. अंतिम तयारीसाठी अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी नागरिकाने प्रशिक्षणास योग्य असा व्हिसा घ्यावा. परवान्यासाठीचे प्रशिक्षण पर्यटक व्हिसावर घेता येत नाही. अमेरिकेत राहण्याचा पत्ता नसलेल्या परवानाधारकाने सरकारी कागदपत्रे स्वीकारणारा तेथील प्रतिनिधी नेमणे २०२५ पासून बंधनकारक झाले आहे.

परवान्याची मर्यादा

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. ज्या देशात यानाची नोंदणी झालेली असते, त्या देशाने दिलेला वा मान्य केलेला परवाना वैमानिकाजवळ असला पाहिजे, असा शिकागो कराराचा दंडक आहे. अमेरिकेत नोंदलेल्या यानावर ‘एन’ हे अक्षर असते, तर भारतीय यानावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. त्यामुळे केवळ अमेरिकी परवान्याच्या बळावर मुंबईच्या जुहू विमानतळावरून भारतीय हेलिकॉप्टर चालविता येणार नाही. त्यासाठी भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात.

वैमानिक होण्याची आकांक्षा आता लहान गावांतील मुलामुलींच्या मनातही रुजत आहे. त्यांचे पालक सल्ल्यासाठी शिक्षकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे आल्यास, शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्यास त्यांना सांगावे : परवाना कोणत्या देशाचा, नोकरी कोणत्या देशात नोंदलेल्या यानावर आणि प्रशिक्षकाची स्वाक्षरी कोठे ग्राह्य? या तिन्हींची उत्तरे आधी मिळाली, तर घरची पुंजी योग्य मार्गी लागेल.