काळ्या दगडाच्या पोटातला चुना

पारनेर तालुक्यात लवणस्तंभ पाहायला निघालो असं सांगितलं, तर भूशास्त्र शिकलेला माणूस आधी भुवया उंचावेल. नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. चुनखडकाचा इथे पत्ता नाही. तरीही कान्हूर पठाराजवळच्या वडगाव दर्याला, दर्याबाई-वेल्हाबाईच्या ठाण्याशी दरीत उतरलं की कपारीच्या छताला चुन्याचे स्तंभ लोंबताना दिसतात. आंध्रातली बेलमची गुहा तीन किलोमीटरहून लांब. इथलं सारं एका घळीत मावतं. पण बेलमला चुनखडक आयताच होता. इथलं नवल मला म्हणूनच मोठं वाटतं.

मग चुना आला कुठून? काळ्या दगडातूनच. बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज खनिजात कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांतून उतरताना ते कॅल्शियम सोबत घेतं. छताशी मोकळी हवा लागली की वायू सुटतो आणि चुना साका धरतो. टोकाच्या थेंबाकडे नीट पाहावं. तो पडण्याआधी त्याच्या कडेला कॅल्साइटचं अतिशय पातळ कडं मागे राहतं. कड्याखाली कडं जमून पोकळ नळी होते. नळी बुजली की पाणी बाहेरून ओघळतं आणि स्तंभ जाड होत जातो. खाली पडलेला थेंब उरलासुरला चुना जमिनीवर ठेवतो. शेतकऱ्याला यातलं अर्धं ठाऊकच असतं. रानात लागणारी चुनखडी याच रसायनाची. वाड्या-गढ्यांसाठी तीच भाजून चुना घाणीत मळत.

पाणी आणि दगड जिथे भेटतात तिथे देव बसवायचा, हे या मुलखाचं जुनं वळण. निघोजला कुकडीने भोवऱ्यात गोटे फिरवून रांजणखळगे कोरले. तिथेच मळगंगेच्या यात्रेत बारवेतून घागर वर येते, अशी श्रद्धा. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वर लेण्यात पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तो पडला की कलियुग संपणार, म्हणतात. खांबावरून काळ मोजण्याची ही कल्पना हसण्यावारी नेऊ नये, शास्त्रज्ञही तेच करतात. मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या स्तंभाच्या आधारे २०१८ साली गेल्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. बस्तरच्या दंडक गुहेतल्या स्तंभात चौदाव्या शतकातले दुबळे पावसाळे सापडले. दख्खनचा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच शतकाच्या अखेरचा.

पर्जन्यछायेत होरपळणाऱ्या पारनेरला अशा नोंदीचं मोल निराळं सांगायला नको. जायचं तर पावसाळा ओसरल्यावर, दिवसाउजेडी जा. विजेरी न्या, देवीला नमस्कार करा, पण स्तंभांना हात लावू नका, शेंदूर-तेल तर मुळीच नको. हाताच्या तेलकटपणानेही नवा थर बसायला अडथळा येतो, आणि मोडलेलं टोक आपल्या नातवंडांच्या हयातीतही भरून येत नाही.