नवें रक्त आणि जुन्या रक्तवाहिन्या

भंडारा जिल्ह्यांत कोहळी शेतकऱ्यांनीं पूर्वीं बांधून काढलेल्या तलावांवर अद्यापि पुष्कळ गांवांचें धानाचें पीक अवलंबून असतें. तलावाची पाळ बाहेरून कितीहि भक्कम दिसली, तरी तिच्या आंतल्या अंगाची माती सैल झाली कीं पाणी झिरपूं लागतें. आणि झिरप एकदां सुरू झाली म्हणजे खालच्या बांध्यांत नको तेथें पाणी सांचून राहतें व हवें तेथें तें पोहोंचत नाहीं. साकोली-लाखांदूरकडील कास्तकारास हें कोणी शिकवावें लागत नाहीं. मनुष्याच्या रक्तवाहिन्यांची गोष्ट यापेक्षां फारशी निराळी नाहीं.

रक्तवाहिनीच्या आंतल्या बाजूस पेशींचें एक अस्तर असतें. त्याची जाडी अवघ्या एका पेशीएवढी. फार दिवस शास्त्रज्ञांची समजूत अशी होती कीं, हें अस्तर म्हणजे नळीला आंतून दिलेला निव्वळ गुळगुळीत लेप होय. ही समजूत कशी ढांसळली, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर एका औषधाचा प्रयोग करीत होते. त्या औषधानें पट्टी कधीं आंखडे, तर कधीं सैल पडे. शोध घेतां घेतां असें आढळलें कीं, पट्टी कापतांना जिचें अस्तर नकळत घासलें गेलें होतें, ती सैल पडत नसे. यावरून १९८० मध्यें त्यांनीं दाखवून दिलें कीं, वाहिनी सैल करणारा पदार्थ या अस्तरांतूनच निघतो. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायु, असें पुढें निष्पन्न झालें आणि १९९८ चें नोबेल पारितोषिक या संशोधनास मिळालें. रक्त वाहिनीच्या आंत गोठूं न देणें, पाणी वाजवीपेक्षां अधिक बाहेर जाऊं न देणें, हीं कामेंहि याच अस्तराचीं.

आतां भंडाऱ्याशीं या अस्तराचा विशेष संबंध कोणता? विदर्भांतील इतर जिल्ह्यांप्रमाणें येथेंहि सिकलसेल हा आनुवंशिक रोग अनेक कुटुंबांत वसत आहे. या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडला कीं विळ्यासारख्या वांकड्या होतात. त्या अस्तरास चिकटतात, बारीक वाहिन्या तुंबवितात आणि फुटल्या म्हणजे त्यांतून सांडलेलें हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतें. हाडें-सांधे असह्य दुखणें, क्वचित् लहान वयांत पक्षाघाताचा झटका, हे त्याचे परिणाम. म्हणजे रोग रक्ताचा म्हणविला जातो खरा, पण त्याचा मार अस्तरास लहानपणापासूनच बसत असतो.

रोग समूळ घालविण्याचा परिचित उपाय म्हणजे रक्तोत्पादक मूलपेशींचें रोपण. सिकलसेल असलेल्या एका मुलीस रक्ताचा कर्करोग झाला, त्यासाठीं तिच्यावर अस्थिमज्जेचें रोपण करण्यांत आलें आणि दोन्ही रोग एकदमच गेले, असा वृत्तांत १९८४ मध्यें प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांत पहिलें अस्थिमज्जा-रोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८३ सालीं झालें होतें. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक असतो. दाता स्वतः सिकलसेलचा केवळ वाहक असला तरी चालतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

परंतु येथेंच एक मर्म आहे. रोपणानंतर रक्त नवें येतें. वाहिन्या मात्र जुन्याच राहतात. शिवाय नव्या मज्जेस जागा करून देण्यासाठीं जुनी मज्जा तीव्र औषधांनीं नष्ट करावी लागते, आणि हीं औषधें मज्जा व अस्तर असा भेद पूर्णपणें पाळीत नाहींत. त्यांत जंतुसंसर्गाची व दात्याच्या पेशींनीं रोग्याच्या शरीरावर केलेल्या हल्ल्याची भर पडते. इतकेंच नव्हे, तर तो हल्ला आवरण्यासाठीं दिलीं जाणारीं सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस हीं औषधेंहि अस्तरास बाधक ठरूं शकतात. एका हातानें राखावें आणि दुसऱ्या हातानें झिजवावें, असा हा प्रकार आहे.

यकृतांतील सूक्ष्म वाहिन्यांचें अस्तर सुजून सुटूं लागलें म्हणजे तांबड्या पेशी त्याच्या खालीं शिरतात आणि वाट बंद होते. बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत हें घडतें. यकृत दुखूं लागतें, डोळे पिंवळे होतात, पोटांत पाणी सांचतें. पण बहुतेक वेळां या सर्वांच्या अगोदर वजन वाढतें. रोपणाच्या खोलीत रोग्यास रोज तोलतात तें याचसाठीं. एरवीं मूल भरलेलें पाहून आईस आनंद व्हावयाचा. येथें तीच वाढ डॉक्टरांस चिंतेंत टाकते. या विकाराचें तीव्र रूप पूर्वीं बहुधा प्राणघातकच ठरे. डिफायब्रोटाइड नांवाच्या औषधास युरोपांत २०१३ मध्यें व अमेरिकेंत २०१६ मध्यें मान्यता मिळाल्यापासून परिस्थिति कांहीं अंशीं पालटली आहे.

दुसरा प्रकार बहुधा थोडा उशिरां प्रकट होतो. सूक्ष्म वाहिन्यांत बारीक गुठळ्या होतात, त्यांवर आपटून तांबड्या पेशी तुटतात आणि मूत्रपिंडास इजा पोहोंचते. रक्तदाब चढणें व लघवींतून प्रथिन जाणें हीं त्याचीं आरंभींचीं चिन्हें होत. रोगी त्या वेळीं कित्येकदां घरीं परतलेला असतो. सिकलसेलच्या रोग्याचें अस्तर आधींच जर्जर झालेलें असल्यामुळें मेंदूंतील रक्तस्राव व फेंपरें यांचें भय त्यास अधिक. म्हणून रक्तदाब आटोक्यांत ठेवणें व प्लेटलेटांची संख्या घनमिलिमीटरमागें पन्नास हजारांखालीं जाऊं न देणें, हे नियम त्याच्या बाबतींत फार कडकपणें पाळतात.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका या देशांनीं जनुकांत दुरुस्ती करण्याच्या उपचारास मान्यता दिली. त्यांत परका दाता लागत नाहीं, त्यामुळें दात्याच्या पेशींचा हल्ला टळतो. परंतु मज्जा रिकामी करणारें औषध तेथेंहि द्यावेंच लागतें.

अस्तर अधिक झिजण्यापूर्वींच, म्हणजे लहानपणीं, रोपण केल्यास फळ चांगलें येतें असा अनुभव आहे. ज्यांस दाता मिळत नाहीं त्यांस हायड्रॉक्सियुरिया हें गोळीच्या रूपानें मिळणारें औषध वर्षानुवर्षें उपयोगी पडतें. दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. तो लग्नापूर्वींच्या साध्या रक्ततपासणीनें आधीं कळूं शकतो. १ जुलै २०२३ रोजीं आरंभिलेल्या राष्ट्रीय मोहिमेंत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची अशी तपासणी योजिली आहे. आणि ज्या घरांत रोपण होऊन मूल परत आलें आहे, तेथें औषधांच्या डब्याशेजारीं वजनाचा काटा व रक्तदाब मोजण्याचें यंत्र ठेवावें. दोहोंचे आंकडे रोज वहींत टिपावे, आणि त्यांत अकस्मात् वाढ दिसल्यास पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट पाहूं नये.