‘मी’ या शब्दाचा धनी : ‘फॉलन’ चित्रपटातील निवेदक

गुप्तहेरकथेचा सारा व्यवहार ‘कोण?’ या एका प्रश्नावर चालतो. खून झालेला असतो, तो कोणी तरी केलेला असतो, आणि त्या ‘कोणी तरी’च्या जागी एक विशेषनाम बसवता आले की कथा संपते. विशेषनाम एका शरीराशी कायमचे जोडलेले असते, ही समजूत या व्यवहारामागे गृहीत असते. पोलिसांचे दप्तर, बोटांचे ठसे, न्यायालयातील साक्ष, फाशीचा हुकूम हे सर्व याच समजुतीवर उभे आहे. ही समजूतच काढून घेतली तर गुन्हेशोधकाचे काय होईल, या प्रश्नावर ‘फॉलन’ हा अमेरिकन चित्रपट (१९९८, दिग्दर्शक ग्रेगरी होब्लिट, लेखक निकोलस कझान) रचलेला आहे. वरवर पाहता ती राक्षसी खुन्याच्या पाठलागाची भयकथा आहे. तथापि तिच्यातील भयाचे मूळ एका सर्वनामात आहे, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे लक्ष देणे अस्थानी ठरू नये.

कथानक थोडक्यात असे. जॉन हॉब्ज या पोलीस अधिकाऱ्याने (भूमिका : डेंझेल वॉशिंग्टन) पकडलेला एडगर रीस हा खुनी विषारी वायूच्या कोठडीत देहदंड भोगतो. मरणापूर्वी तो हॉब्जचा हात धरतो आणि एका अनोळखी भाषेत काही बोलतो. तो मेल्यावरही त्याच्याच पद्धतीचे खून होत राहतात. खरा खुनी रीस नसून अझाझेल नावाचा पतित देवदूत आहे आणि तो स्पर्शाच्या वाटेने एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो, हे हॉब्जला हळूहळू उमगते. हॉब्जच्या शरीरात मात्र त्याला स्पर्शाने शिरता येत नाही. मग तो इतरांच्या शरीरांतून त्याला छळतो. पोलीस ठाण्यात तो एका शिपायाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि एकच गाणे अनेक तोंडांतून पुढे चालू राहते. एकदा तर तो हॉब्जला अशा पेचात पकडतो की त्याच्या हातून एक निरपराध शिक्षक गोळीला बळी पडतो. कायद्याच्या दृष्टीने हॉब्ज खुनी ठरतो. कायद्याला शरीर तेवढे दिसते.

अझाझेल हे नाव लेखकाने कल्पनेने निर्माण केलेले नाही. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकण्याचा विधी आहे. एक बकरा परमेश्वराचा, दुसरा अझाझेलचा. पहिल्याचा बळी द्यावयाचा. दुसऱ्याच्या मस्तकावर मुख्य याजकाने दोन्ही हात ठेवून लोकांची पापे उच्चारावयाची आणि त्याला रानात सोडावयाचे. पाप येथे हाताच्या स्पर्शाने एका देहातून दुसऱ्या देहात जाते. चित्रपटातील संक्रमणाची युक्ती येथून सुचली असो वा तो योगायोग असो, नाव मोठे समर्पक निवडले गेले आहे यात शंका नाही. हनोखच्या ग्रंथात हाच अझाझेल माणसांना तलवारी घडविण्यास शिकवितो आणि शिक्षा म्हणून वाळवंटात बांधून टाकला जातो. हा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात इथिओपियातील गीझ भाषेत टिकला. त्याचे अरामाईक तुकडे मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांत सापडले. रीसची अनोळखी भाषाही अरामाईकच ठरते. ती भाषा मृत आहे असा प्रेक्षकाचा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु सीरियातील मालूला या गावी तिचे एक रूप आजही बोलले जाते.

आता मुख्य मुद्दा. चित्रपटाचा आरंभ निवेदनाने होतो. बर्फात धडपडणारा हॉब्ज पडद्यावर दिसतो, आणि आपण मरता मरता वाचलो त्या वेळची हकीकत सांगतो, असे त्याच्याच आवाजात ऐकू येते. ऐकणारा स्वाभाविकपणे ‘मी’ म्हणजे हॉब्ज असे धरून चालतो. अखेरीस कळते की बोलणारा अझाझेल आहे. हॉब्ज वाचलेला नाही. निवेदकाने एकही खोटे वाक्य उच्चारलेले नसते. फसविले ते सर्वनामाने, किंबहुना सर्वनामाविषयीच्या आपल्या विश्वासाने.

‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘आज’ यांसारखे शब्द बोलणाऱ्याबरोबर आपला अर्थ बदलतात, म्हणून येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये अशा शब्दांना ‘शिफ्टर’, म्हणजे जागा बदलणारे, असे नाव दिले. पुढे बेन्व्हेनिस्त (१९५६) व याकोबसन (१९५७) यांनी त्याची मीमांसा केली. बेन्व्हेनिस्त यांच्या मते ‘मी’ या शब्दाला उच्चाराच्या बाहेर धनीच नाही. जो त्या क्षणी ‘मी’ म्हणतो तो ‘मी’. अझाझेल हा अशा रीतीने देह धारण करून आलेला ‘मी’च होय : कोणत्याही मुखात राहणारा, कोणाचाही नसणारा. हॉब्जला जो पहिला भक्कम धागा सापडतो तो विशेषनामांचा असतो, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. गौरव झालेल्या पोलिसांच्या नामफलकावर लायन्स व स्पाकोवस्की या दोन नावांच्या मध्ये एक जागा रिकामी असते. तेथील मिलानो हे नाव पुसलेले असते. नाव पुसता येते, कारण ते एकाचेच असते.

ॲगाथा ख्रिस्ती यांच्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनावरील कादंबरीत (१९२६) निवेदकच खुनी निघतो, त्याची येथे आठवण होईल. परंतु तेथे ‘मी’ कोण हे पहिल्यापासून ठाऊक असते. त्याने काय केले एवढेच लपविलेले असते. ‘फॉलन’मध्ये कृत्ये उघड आहेत, लपलेला आहे तो कर्ता.

ही युक्ती मराठीत टिकेल काय? इंग्रजीत प्रथम पुरुषाचे क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत कर्तरी प्रयोग ते सांगून टाकतो : मी आलो, मी आले. हॉब्ज व अझाझेल दोघेही पुल्लिंगी असल्याने येथे निभाव लागेल. पण राक्षसाऐवजी हडळ असती तर? कर्मणी व भावे प्रयोगांत तिला आश्रय मिळाला असता. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी त्याला पाहिले’ यांतून बोलणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही. ‘मी सांगेन’ या भविष्यकाळातही नाही. मात्र निवेदकाला पावलोपावली लागणारे ‘म्हणणे’ हे क्रियापद सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालते, आणि ‘मी म्हणाले’ या पहिल्याच रूपात हडळ सापडली असती. (कोल्हापूरकडे स्त्रियांच्या बोलण्यातही ‘मी आलो’, ‘मी गेलो’ ऐकू येते, तेथे हा पुरावा लंगडा पडेल.)

‘अंगात येणे’ या आपल्याकडील प्रकारात हेच व्याकरण उघडपणे चालते. स्त्रीच्या अंगात खंडोबा आला आणि तिच्या मुखातून ‘मी आलो आहे’ असे शब्द निघाले, तर जमलेल्यांना ते चुकीचे वाटत नाही. उलट बोलणारा कोण याची ती खूण ठरते. तरीही ‘तू कोण?’ असे विचारून नाव वदवून घेतले जाते. हॉब्जलाही अझाझेल हे नाव मिलानोच्या रानातील घराच्या तळघरात, भिंतीवर लिहिलेले सापडते, आणि त्यानंतरच त्याला डाव रचता येतो. त्याच निर्जन घरी तो विषारी सिगारेट ओढून आपला देह निरुपयोगी करून ठेवतो व अझाझेलला त्यात शिरावयास लावतो, म्हणजे जवळ दुसरा माणूस नसल्याने राक्षसाचा अंत व्हावा.

डाव फसतो तो एका मांजरामुळे. कथानकाच्या दृष्टीने हा शेवट चटकदार असला तरी निवेदनाच्या दृष्टीने त्यात एक सैल टाका राहिला आहे. हकीकत सांगितली जात असताना हॉब्ज मेलेला आहे आणि अझाझेल मांजराच्या देहात आहे. तरीही कानी पडतो तो हॉब्जचाच आवाज. प्रत्येक वेळी आश्रयदात्याच्या कंठातून बोलणाऱ्या या राक्षसाला येथे कोणाचा कंठ मिळाला, याचा खुलासा चित्रपटात कोठेही नाही.