ईसीआरवर घरच्यांना काय दाखवायचं? महाबलीपुरमच्या आधीचे तीन थांबे

आजचा भाग चेन्नईत राहणाऱ्या मराठी पोरापोरींसाठी, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

मी इथे ओएमआरवर, म्हणजे आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, नोकरी करतो. त्याला समांतर, समुद्राच्या कडेने जातो तो ईसीआर, ईस्ट कोस्ट रोड. गावाहून आई-बाबा आले, ताई भाच्यांना घेऊन आली, की आपला ठरलेला कार्यक्रम असतो: मरीना, एखादा मॉल, आणि सरळ महाबलीपुरम. मधला सगळा पट्टा गाडीच्या काचेतून निघून जातो. खरं तर आजी-आजोबा आणि पोरं, दोघांनाही आवडतील अशा तीन जागा याच पट्ट्यात आहेत. आणि तिन्हींची गोष्ट एकच आहे: जे टिकणं अवघड होतं, ते कुणीतरी नवी वाट काढून टिकवलं.

पहिला थांबा: चोळमंडल, इंजम्बाक्कम

1966 साली चित्रकार के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे कलाग्राम उभं केलं. प्रश्न साधा होता: नुसत्या चित्रांवर पोट कसं भरायचं? त्यांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू बनवून विकल्या आणि त्या पैशातून जमीन घेऊन तिथेच घरं बांधली. आता तिथे संग्रहालय आहे, बाहेर झाडांखाली शिल्पं आहेत. तासाभरात बघून होतं. लहान मुलं बाहेरच्या शिल्पांपाशी जास्त रमतात, त्यांना आत ओढू नका.

दुसरा थांबा: दक्षिणचित्र, मुट्टुकाडू

हे 1996 साली सुरू झालं. इथे काचेच्या कपाटातल्या वस्तूंपेक्षा अख्खी घरं महत्त्वाची. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र-तेलंगणातली जुनी घरं मालक पाडायला निघाले होते. ती खांब, दारं, तुळया सुट्या करून इथे आणली आणि पुन्हा जोडली. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी सिस्टीम नव्या सर्व्हरवर हलवली, फक्त इथे प्रत्येक पार्ट सागवानी आणि वजनदार!

चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचं घर आहे, केरळमधल्या सीरियन ख्रिश्चन कुटुंबाचं लाकडी घर आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरचं गोल घर जरूर बघा. तिकडे चक्रीवादळं येतात, आणि गोल भिंतीला वारा अडत नाही, बाजूने निघून जातो. हे पोरांना चटकन कळतं. आणि आईला इलकल विणकराच्या घरापाशी नक्की न्या. इरकल लुगडं आपल्याकडे घराघरात माहीत असतं, ते विणणाऱ्याचं घर कसं होतं ते इथे दिसतं. भाषा येत नाही म्हणून गप्प बसलेली माणसं इथे आपोआप बोलायला लागतात: "आमच्याकडे पण अस्संच माजघर होतं."

तिसरा थांबा: क्रोकोडाइल बँक, वडनेम्मेली

रोम्युलस आणि झई व्हिटेकर यांनी 1976 साली ही जागा सुरू केली. त्या काळात कातड्यासाठीच्या शिकारीने मगरी संपत चालल्या होत्या. इथे त्यांची पैदास झाली, पिल्लं वेगवेगळ्या राज्यांत गेली. पुढे मगरी इतक्या वाढल्या की सोडायला जागा पुरेना.

पोरं विचारतील, "ही मेली आहे का?" उत्तर लक्षात ठेवा: मगरीचं रक्त थंड, म्हणजे तिला ऊब बाहेरून घ्यावी लागते, म्हणून ती उन्हात निपचित पडते. जास्त तापली की जबडा उघडा ठेवून उष्णता बाहेर टाकते. आणखी एक गंमत: अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. मात्र तिला हलवायला खडे मारू देऊ नका.

याच आवारात इरुला या आदिवासी समाजाची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. इरुला पिढ्यान्‌पिढ्या साप पकडायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कातड्याचा धंदा बंद पडत गेला आणि त्यांचं पोटच तुटलं. 1978 साली संस्था निघाली आणि तेच कसब विष काढण्याच्या कामाला आलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष काढतात, सापाच्या पोटावरच्या खवल्यावर खूण करतात आणि काही आठवड्यांनी त्याला सोडून देतात. हे विष प्रतिविष बनवणाऱ्यांकडे जातं. तिथे ते घोड्याला अगदी थोड्या मात्रेत टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनतं. आपल्याकडे शेतात पाय ठेवताना ज्या चार सापांची धास्ती असते, तेच हे चार. विष काढण्याचं प्रात्यक्षिक चालू असेल तर चुकवू नका.

आता प्लॅनिंग

दक्षिणचित्र मंगळवारी बंद, क्रोकोडाइल बँक सोमवारी बंद, म्हणून सुट्टी बघून निघा. तिरुवान्मियूरहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात. ऊन फार असतं, त्यामुळे मगरी सकाळी लवकर बघा आणि परतताना दक्षिणचित्रला थांबा, तिथे सावलीत बसता येतं. सोबत वयस्कर माणसं असतील तर एका दिवसात दोनच जागा करा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाटेत समुद्र दिसला की पोरं पळणारच. पण अलिबाग-दापोलीच्या सवयीने इथे आत शिरू नका. हा किनारा पटकन खोल होतो आणि परतणारं पाणी माणसाला आत ओढून नेतं. या रस्त्यावर पोहायला उतरून तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. चुकून ओढलं गेलंच, तर किनाऱ्याकडे जोर लावून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. आणि बाहेरच्यांनी मागोमाग उडी न मारता दोर, डबा, जे तरंगेल ते फेका.

तर फॅमिली ग्रुपवर हा भाग पाठवा, म्हणजे पुढच्या वेळी "चेन्नईत बघायला काय आहे?" हे तुम्हाला कुणी विचारणार नाही. भेटू पुढच्या भागात!