फॉरमॅट मारण्याआधी

गुरुवार म्हणजे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी. अशाच एका गुरुवारी सकाळी मोशीत राहणारा माझा भाचा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला. भोसरी एमआयडीसीत त्याची धातूचे भाग कापणाऱ्या दोन व्हीएमसी मशिनची छोटी शेड आहे. जॉबवर्कची ड्रॉइंग, मशिनचे प्रोग्रॅम, टॅलीतला हिशेब, जीएसटीची बिलं, सगळं या एकाच लॅपटॉपवर.

"मामा, चार दिवस झाले, चालूच होत नाही. लोगो येतो, खाली ते गोल फिरतं, मग काळी स्क्रीन आणि परत लोगो. दुकानात दाखवला तर म्हणाले, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. पण तीन वर्षांची ड्रॉइंग आहेत हो त्यात!"

मी विचारलं, "दरवेळी एकाच जागी अडकतो का?"

ते त्याने पाहिलं नव्हतं. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो आणि लॅपटॉप दहा वेळा चालू केला. सहा वेळा तो गोल फिरत असताना पडला. तीन वेळा लोगोसुद्धा आला नाही, नुसता पंखा फिरला. एकदा तर थेट पासवर्डच्या पानापर्यंत गेला आणि तिथे गोठला. त्या कागदावरच निम्मं निदान झालं होतं. ते कसं, हे समजायला बटण दाबल्यावर आत काय घडतं ते पाहायला हवं.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर गाडी एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर सरकते. आधीचं काम झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. लॅपटॉपचं चालू होणंही तसंच आहे, आणि त्यात ढोबळमानाने पाच स्टेशनं असतात.

पहिलं स्टेशन विजेचं. बहुतेक चार्जर 19 ते 20 व्होल्ट देतात. प्रोसेसरला लागतो साधारण एक व्होल्ट, इतर भागांना 3.3, 5 असे वेगवेगळे. हे सगळे पुरवठे ठरलेल्या क्रमाने सुरू करण्याचं काम एक लहानशी नियंत्रक चिप करते. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते आणि तुमचं बटण पहिल्यांदा तिलाच कळतं. कधी कधी ही चिपच गोंधळून अडकते. अशा वेळी चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी आणि चालू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरावं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एवढ्याने ती चिप नव्याने सुरू होते. एकही दिवा लागत नसेल तर संशय याच स्टेशनवर घ्यायचा: सॉकेट, चार्जर, त्याची पिन, बॅटरी.

दुसरं स्टेशन प्रोसेसरचं. तो जागा होतो तेव्हा त्याला विंडोज ठाऊक नसतं, हार्ड डिस्क ठाऊक नसते, पडदाही ठाऊक नसतो. ठाऊक असतो फक्त एक पत्ता, चार जीबीच्या हद्दीच्या 16 बाइट अलीकडचा. आपल्या घरातल्या जवळजवळ सगळ्या इंटेल लॅपटॉपमध्ये पहिली सूचना तिथून वाचली जाते. त्या पत्त्यामागे मदरबोर्डवरची नखाएवढी चिप असते आणि तिच्यात एक मूळ प्रोग्रॅम साठवलेला असतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आताच्या यंत्रांत तो युईएफआय या नव्या रूपात असतो. 'बूट' हा शब्दही इथलाच. स्वतःच्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलायचं, अशा अर्थाचा इंग्रजीत वाक्प्रचार आहे. प्रोग्रॅम चालवायला आधी एक प्रोग्रॅम लागतो, हे कोडं या चिपमुळे सुटतं.

तिसरं स्टेशन तपासणीचं. तो मूळ प्रोग्रॅम रॅम, पडदा, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. रॅम सापडली नाही तर पडद्यावर संदेश दाखवण्याचीही सोय उरत नाही. म्हणून अनेक लॅपटॉप बीप वाजवून किंवा दिवा लुकलुकवून तक्रार सांगतात. किती वेळा वाजला, किती वेळा लुकलुकला, हे मोजून कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावं. चौथ्या स्टेशनवर डिस्क शोधली जाते आणि तिच्यावरचा छोटा बूट-प्रोग्रॅम उचलला जातो. 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश आला तर गाडी इथे थांबलेली आहे. पाचव्या स्टेशनवर विंडोजचा गाभा आणि त्याचे ड्रायव्हर चढतात. निळी स्क्रीन येते ती बहुधा इथे.

आता तो कागद पुन्हा पाहा. प्रोग्रॅमची फाइल बिघडली असेल तर ती दरवेळी जवळपास त्याच जागी अडवते, कारण संगणक त्याच सूचना त्याच क्रमाने वाचत असतो. जागा बदलत असेल तर संशय वस्तूवर घ्यावा: सैल जोड, खराब रॅम, डळमळीत वीजपुरवठा. आणि जागा कुठलीही असो, पण चालू केल्यापासून साधारण तेवढ्याच मिनिटांनी बंद पडत असेल, तर उष्णता आणि पंखा तपासावा. भाच्याचा लॅपटॉप कधी तिसऱ्या स्टेशनवर, कधी पाचव्यावर थांबत होता. विंडोज करप्ट असतं तर लोगोच्या आधी, म्हणजे विंडोजला हात लागण्याआधीच, तो का अडकला असता?

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून नळाच्या धातूला हात लावला आणि मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर काळपट तेलकट थर होता. शेडमधल्या हवेत कुलंटचे बारीक थेंब आणि धातूचा कीस तरंगत असतो, तो पंखा आत ओढतो. मग रॅम पाहिली. या लॅपटॉपमधल्या रॅमच्या पट्टीला 260 सोनेरी टोकं असतात आणि प्रत्येक टोकाने खोबणीतल्या आपल्या स्प्रिंगला नीट टेकायला हवं. दोनपैकी एका पट्टीची एक बाजू केसभर वर आलेली होती. मशिनची कंपनं आणि रोज पुणे-नाशिक रस्त्यावरून दुचाकीवर होणारा प्रवास, दोन्हींनी हातभार लावला असणार. दोन्ही पट्ट्या काढल्या, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाळू दिली. बरेच जण खोडरबर घासतात, पण त्याचा कीस खोबणीत अडकतो. मग एकच पट्टी तिरकी घालून खाली दाबली आणि दोन्ही कड्या 'टक' करून बसल्या. लॅपटॉप चालू झाला. दुसरी पट्टी लावली, रॅमची चाचणी तासभर चालवली, तीही निर्दोष निघाली.

फॉरमॅट मारलं असतं तर? तीन वर्षांची ड्रॉइंग गेली असती आणि लॅपटॉप तसाच अडकत राहिला असता.

आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधायची हीच पद्धत मंगळावरही कामी आली आहे. जानेवारी 2004मध्ये तिथे उतरलेली नासाची स्पिरिट गाडी दोन-अडीच आठवड्यांतच गप्प झाली. तिचा संगणक चालू व्हायचा, पडायचा, पुन्हा चालू व्हायचा. असं साठाहून जास्त वेळा झालं. झाकण उघडायला तिथे कोणी नव्हतं आणि एक संदेश पोहोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. अभियंत्यांना शंका आली ती फ्लॅश मेमरीतल्या फायलींच्या व्यवस्थेची. त्यांनी हुकूम धाडला: या वेळी फ्लॅश मेमरीला हात न लावता चालू हो. स्पिरिट चालू झाली आणि स्थिर राहिली. संशयित भाग बाजूला ठेवून उरलेलं यंत्र चालतं का पाहणं, एवढीच ती युक्ती. प्रवासापासून साचलेल्या फायली इतक्या झाल्या होत्या की त्यांची नोंदवही उघडायलाच रॅम पुरत नव्हती. फायली काढल्या, व्यवस्था नव्याने बसवली, आणि स्पिरिटने पुढे 2010पर्यंत काम केलं.

दुसरं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. 19 जुलै 2024 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली. तिच्यामुळे कंपनीचा प्रोग्रॅम एकविसावी नोंद वाचायला गेला, पण त्याला दिलेल्या नोंदी वीसच होत्या. मेमरीबाहेर हात पडला आणि विंडोज कोसळलं. हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, सुरू होतानाच चढत असल्याने प्रत्येक वेळी तेच घडत राहिलं. चूक 78 मिनिटांत मागे घेतली गेली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय होता सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच प्रोग्रॅमसह, चालू करून ती एक फाइल पुसणं. तोही बहुतेक ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी बसून करावा लागला. फॉरमॅटची गरज नव्हती.

घरी करता येण्याजोगं बरंच आहे. आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस, जे जे बाहेरून जोडलंय ते काढा. पडदा काळा पण पंखा फिरतोय, तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. टीव्हीला जोडूनही हे कळतं. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकलं नाही तर दुरुस्तीचं पान आपोआप उघडतं. तिथे सेफ मोड आहे, नुकतंच आलेलं अपडेट काढायची सोय आहे. आणि रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना काही नवे लॅपटॉप मिनिटभर किंवा जास्तही काळेच राहतात. तेव्हा घाईने बटण दाबू नका.

दोन ठिकाणी मात्र लगेच थांबा. बॅटरी फुगून तळ किंवा टचपॅड वर आलेला दिसला तर चार्जर काढा आणि लॅपटॉप जाणकाराकडे न्या, दाबू किंवा टोचू नका. हार्ड डिस्क कटकट वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. तिचं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. ते टेकायला लागलं की प्रत्येक फेरीत तुमची माहिती खरवडली जाते.

आणि डेटा आधी, यंत्र नंतर. विंडोज उठत नसलं तरी डिस्क ठीक असते असं पुष्कळदा होतं. पेनड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवून किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून फायली उतरवता येतात. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. तिची 48 अंकी किल्ली आजच, लॅपटॉप धडधाकट असतानाच, शोधून कागदावर उतरवून ठेवा.

भाचा आता दर गुरुवारी सगळ्या फायली एका बाहेरच्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क शेडमध्ये न ठेवता मोशीतल्या घरी ठेवतो. तुमचा लॅपटॉप अडला तर दुकानात जाण्याआधी तो कुठे थांबतो ते दहा वेळा पाहून कागदावर लिहा. तो कागद दुकानदारासमोर ठेवा आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी सांगा, "आधी माझा डेटा काढून द्या."