हार्ड डिस्क फॉरमॅट होत नाही? आधी थांबा, मग हे तपासा



आज फवारणीचा किंवा खताचा मेसेज नाही. गावगटांकडे जे कॉम्प्युटर आहेत त्यांच्याबद्दल थोडं सांगायचंय.

मागच्या आठवड्यात परंडा भागातल्या एका गटाचे सचिव पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन आले. "मॅडम, डिस्क उघडंना. फॉरमॅट करा म्हणतीय, अन् फॉरमॅटबी होईना." मीही घाईत दोनदा फॉरमॅट दाबलं, झालं नाही. मग केबल बदलली आणि डिस्क कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावली, तर ती उघडली! आत सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीतल्या सोयाबीनचे सगळे फोटो होते. माझं फॉरमॅट झालं असतं तर ते गेले असते. आत काय आहे हे मी आधी विचारायला हवं होतं.

रोग ओळखल्याशिवाय आपण औषध मारत नाही. इथंही तसंच करा.

*१) आत काय आहे?*
कामाचं काही असेल तर फॉरमॅट दाबूच नका. "फॉरमॅट करा" असा मेसेज आला म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही. कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क विंडोजला लावली तरी बहुतेक वेळा हाच मेसेज येतो.

*२) केबल आणि वीज*
छोटी पोर्टेबल डिस्क यूएसबीवरच चालते. हब, लांब केबल किंवा पुढचा ढिला पोर्ट असेल तर वीज कमी पडते. छोटी केबल घ्या, मागचा पोर्ट वापरा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर लागतो.

*३) डिस्क वापरात आहे का?*
एक्सेल, फोटो, अँटिव्हायरस बंद करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून लगेच प्रयत्न करा.

*४) डिस्क मॅनेजमेंट*
डेटा नको असेल किंवा दुसरीकडे कॉपी झाला असेल तरच हे करा. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्कचा *आकार बघून* खात्री करा, चुकून कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क निवडू नका. मग 'डिलीट व्हॉल्यूम', त्यानंतर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस, मॅकवरही लागणार असेल तर एक्सफॅट निवडा. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही.

*५) अडकलंय का वेळ लागतोय?*
'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली तर १ टीबीच्या डिस्कला काही तास लागू शकतात. मध्येच केबल ओढू नका. लाइटचा भरवसा नसेल तर चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करा.

*६) डिस्कच खराब*
टकटक आवाज, आकार शून्य, वारंवार 'आय/ओ एरर', अशी लक्षणं केबल आणि कॉम्प्युटर बदलूनही दिसली तर डिस्क बहुधा गेली. आत महत्त्वाचं असेल तर ताबडतोब बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. चालू-बंद करत राहिलात तर नुकसान वाढतं. अशी डिस्क फॉरमॅट झाली तरी तिच्यावर पुन्हा हिशोब ठेवू नका.

*चुकून फॉरमॅट झालंच तर?* त्यावर नवीन काहीही टाकू नका. क्विक फॉरमॅट असेल तर हार्ड डिस्कवरचा डेटा परत मिळण्याची आशा असते. नवीन फाइल टाकली की ती कमी होते.

शेवटचं: नुकसानीचे फोटो, सभासद यादी, खरेदीच्या पावत्या *दोन ठिकाणी* ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो बारीक होतो आणि त्यातली जागेची नोंद जाते, म्हणून मूळ फोटो जपा. डिस्क काढताना 'इजेक्ट' करूनच काढा.

शंका असेल तर काहीही न दाबता डिस्क आणि तिची केबल ऑफिसला घेऊन या, मिळून बघू.

आपली कृषी सल्लागार 🌱